युरियाचं पोतं आणि शेणखताची ट्रॉली

आडसाली, म्हणजे दीड वर्ष रानात राहणाऱ्या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन) द्यावं, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे एकरी १६० किलो. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात याच्या वर ओतणारे पुष्कळ आहेत, पण हिशेबापुरता हाच आकडा धरू. युरियाच्या पोत्यात ४५ किलो माल आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागं २०.७ किलो. आठ पोत्यांत काम भागतं. पोतं २६६ रुपयांच्या आसपास मिळतं, म्हणजे अनुदानाच्या कृपेनं दोन-सव्वादोन हजारांत एकराचं नत्र घरी येतं.

आता तेच नत्र शेणखतातून द्यायचं ठरवा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, टनाला ५ किलो. एकरी ३२ टन झालं. त्यातही पहिल्या हंगामात तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच पिकाला मिळतं, बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं. एका मोठ्या जनावराचं शेण वर्षभर साठवून कुजवलं तर दोनेक टन खत हाती लागतं. म्हणजे एकरामागं सोळा जनावरं! गोठ्यात दोन म्हशी आणि रानात तीन एकर ऊस असलेल्या घरात हा हिशेब मांडला, की ‘पूर्वीचे लोक कुठं युरिया टाकत होते?’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. पूर्वीचे लोक एवढा ऊसच लावत नव्हते.

रासायनिक आणि सेंद्रिय शेतीची तुलना बहुतेक वेळा इथंच अडते. एक बाजू म्हणते विष, दुसरी म्हणते भाबडेपणा. मुळाशी काय चालतं ते पाहिलं तर दोन्हीकडचा बराच आवाज खाली येतो.

मुळं नत्र प्रामुख्यानं दोन रूपांत शोषतात, अमोनियम आणि नायट्रेट. युरिया जमिनीत पडला की युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. शेणातलं प्रथिनांत अडकलेलं नत्रही सुटतं ते याच वाटेनं आणि शेवटी त्याचंही नायट्रेटच होतं. दोन्ही नायट्रेट एकच. कुठलं कारखान्यातलं आणि कुठलं गोठ्यातलं, हे उसाच्या मुळाला कळत नाही, प्रयोगशाळेतल्या साध्या चाचणीलाही कळत नाही.

फ्रिट्झ हाबर यानं १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉशनं १९१३ मध्ये तो जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात टनांवारी काढायला सुरुवात केली. चारशे अंशांवर तापमान आणि हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाब, एवढा खटाटोप त्यासाठी लागतो, त्यामुळे ही प्रक्रिया इंधन भरपूर खाते. पण आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ताटातलं अन्न या एका प्रक्रियेवर उभं आहे. युरियाला नुसतं ‘विष’ म्हणणाऱ्यांनी ही निम्मी माणसं कुठं ठेवायची तेही सांगायला हवं.

फरक आहे तो वेगाचा आणि गळतीचा. युरिया काही दिवसांत फुटतो, उसाची भूक मात्र महिनोन् महिने पुरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या पुढं असतो आणि अशा अल्कलीधर्मी जमिनीत वरून विस्कटलेल्या युरियातला बराचसा अमोनिया थेट हवेत जातो. उरलेल्याचं नायट्रेट झालं, की त्यावर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. मोकळ्या पाटपाण्याबरोबर ते मुळांच्या खाली उतरतं, तिथून विहिरीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही, असं भारतीय मानक आहे, ते या गळतीमुळेच महत्त्वाचं ठरतं. पाणथळ रानात काही नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. सगळं धरून, टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाच्या तोंडी लागतच नाही. खत थोडं थोडं विभागून, मातीआड किंवा ठिबकमधून द्या, असं कृषी सहायक कानीकपाळी ओरडतात ते यासाठी.

मुळाला फरक कळत नसला तरी मातीला कळतो. हे घरी बघता येतं. बांधावरचं, गवताच्या मुळ्यांनी धरलेलं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि वर्षानुवर्षं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलेल्या उसाच्या फडातलं दुसरं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन दोन्ही अलगद सोडा, ढवळू नका. बांधाचं ढेकूळ बुडबुडे सोडतं, कडा थोड्या झडतात, पण ते बऱ्यापैकी टिकून राहतं. फडातलं काही मिनिटांतच ढासळतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली असेल तर पाणी तासन् तास गढूळच राहतं. बांधाच्या मातीत बुरशीचे तंतू, बारीक मुळ्या आणि जिवाणूंनी सोडलेले चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात. ही बांधणी म्हणजेच हवा, पाण्याचा निचरा आणि वाफसा. हे चिकट काम करणाऱ्या सजीवांना कर्ब (कार्बन) खायला लागतो आणि युरियातून त्यांना तो मिळत नाही. युरियाच्या रेणूत कर्बाचा एक अणू असतो खरा, पण तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

मग रासायनिक खतानं जमिनीचा कर्ब जळतो का? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथं ब्रॉडबॉक नावाचं एक शेत आहे. तिथं १८४३ पासून गव्हाच्या एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, एकाला फक्त रासायनिक खत आणि एकाला काहीच नाही, असा प्रयोग चालू आहे. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब दुपटीहून वर गेला. पण रासायनिक पट्ट्यातला कर्ब शून्यावर आला नाही. काहीच न दिलेल्या पट्ट्यापेक्षा तो थोडा जास्तच राहिला, कारण पीक जोमदार आलं की मुळ्या आणि धसकटंही जास्त पडतात. उत्पादन दोन्हीकडं तोडीस तोड. आपल्याकडं कर्ब घटला तो युरिया आल्यामुळे कमी आणि युरिया आल्यावर उकिरडा, ताग-धैंच्यासारखी हिरवळीची खतं, पाचट हे सगळं सुटलं म्हणून जास्त. पोतं स्वस्त झालं आणि बाकीचं कष्टाचं वाटू लागलं.

जीवामृताचाही हिशेब करून टाकू. पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत एका एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. शेणातलं ३०-४० ग्रॅम, मूत्रातलं जास्तीत जास्त १०० आणि बेसनाच्या प्रथिनांतलं ७० ग्रॅम नत्र धरलं तरी गोळाबेरीज जेमतेम २०० ग्रॅम. महिन्यातून दोनदा, अठरा महिने दिलं तर सव्वासात किलो. उसाला हवं होतं १६०. त्यामुळे जीवामृत हे खत नव्हे, ते विरजण आहे. दूधच नसेल तर नुसत्या विरजणाचं दही होत नाही. जीवामृतावर पहिली एक-दोन वर्षं पीक बरं येतं तेव्हा बरेचदा जमिनीतली जुनी शिल्लक खर्ची पडत असते. सोबत कडधान्याचं आंतरपीक आणि भरपूर आच्छादन असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते पाळेकरही सांगतातच.

दूध म्हणजे पाचट. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडलेलं असतं. काडी ओढली की दुपारपर्यंत रान मोकळं. सोबत त्यातला कर्ब आणि जवळपास सगळं नत्र धुरात जातं. न पेटवता कुजवायचं म्हटलं तर वेगळीच अडचण येते. पाचटात कर्ब ४० टक्क्यांच्या वर आणि नत्र अर्धा टक्का, म्हणजे ऐंशी-पंचाऐंशीला एक. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण आठाला एक असतं. एवढा कर्ब पचवायला त्याला नत्र कमी पडतं, मग तो ते मातीतून ओढतो आणि खोडव्याचे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचे, फुटवे पिवळे पडतात. ‘पाचटानं ऊस पिवळा पडला’ ही तक्रार खरी असते, तिचं कारण हे. म्हणून शिफारस अशी, की बुडखे छाटून पाचट सरीत दाबावं आणि टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकावं.

म्हणजे सेंद्रिय कर्ब वाढवायला युरिया! कट्टर सेंद्रियवाल्याला हे रुचत नाही आणि प्रमाणपत्राच्या नियमांत बसतही नाही. त्यानं शेणाची स्लरी किंवा साखर कारखान्यातलं प्रेसमड वापरावं, काम होतं, वेळ जास्त लागतो. पण ज्याला प्रमाणपत्र नको आहे, त्यानं या ८ किलोचं सोवळं-ओवळं पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचट पेटवणारा ‘शुद्ध सेंद्रिय’ शेतकरी मातीचं जास्त नुकसान करतो.

उत्पादनाचं म्हणाल तर जगभरच्या तुलना एकत्र करून २०१२ आणि २०१४ मध्ये जे मोठे आढावे निघाले, त्यांत सेंद्रिय शेतीचं उत्पादन सरासरीनं १९ ते २५ टक्के कमी भरलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या प्रयोगात घट २० टक्के होती, पण खतांतली अन्नद्रव्यं ३४ ते ५३ टक्के आणि कीडनाशकं ९७ टक्के कमी लागली होती. सरासरी मात्र फसवी असते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र स्वतः बांधतात, त्यामुळे तिथं फरक कमी पडतो. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेलं सोयाबीनचं ‘फुले संगम’ वाण सेंद्रिय पद्धतीनं घेणं जितकं सोपं, तितका आडसाली ऊस नाही. सांगलीच्या हळदीला तर रासायनिक शेतकरीसुद्धा शेणखत सढळ हातानं देतो, कारण भुसभुशीत मातीशिवाय गड्डे पोसतच नाहीत. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भात आणि चहा दोन्ही घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागं घ्यावा लागला. जमिनीत कर्ब साठायला वर्षं लागतात, सरकारी आदेशाला एक दिवस.

फवारणीच्या बाबतीत सेंद्रियची बाजू मला जास्त भक्कम वाटते. तासगावच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी किती फवारण्या होतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ आवरणारं बागायतदारांचं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. दाणा, मजूर आणि पाणी या तिन्हींवर या रसायनांचा भार पडतो. पण सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, हाही गैरसमजच. मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही चालतं. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून फ्रान्समधले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्या वेलींना डाऊनी येत नाही हे मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. यातलं तांबं कुजत नाही, विघटित होत नाही, जमिनीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. म्हणून युरोपनं सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

राहिला क्षारपडीचा, म्हणजे जमिनीत क्षार साठण्याचा मुद्दा. आपल्या भागात सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. मिरज, वाळवा, पलूसमध्ये नदीकाठची रानं पांढरी पडली, त्याचा दोष सरसकट रासायनिक खतांवर जातो. पाण्याचा हिशेब बघा. आडसाली उसाला पाटानं पाणी देताना एकरी एक कोटी लिटर सहज जातं. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरले, विहिरीच्या पाण्यात ते याहून जास्तही असतात, तरी एका पिकात तीन टन क्षार रानात आले. खताची सगळी पोती मिळून याच्या जवळपासही जात नाहीत आणि त्यातला मोठा भाग पीक उचलतं. बेसाल्टपासून झालेल्या चिकण काळ्या मातीतून पाणी खाली लवकर झिरपत नाही, भूजल वर येतं, केशाकर्षणानं पृष्ठभागापर्यंत चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. मोकळं पाणी सोडणाऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याचं रानही असंच पांढरं पडेल.

त्यामुळे माती परीक्षणाचा कागद हातात आला की नत्राच्या रकान्याआधी तीन आकडे बघावेत. विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. पहिल्या प्रकारात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढायचा, दुसऱ्यात त्याच्या जोडीला जिप्सम आणि धैंचा. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर पाचट, धैंचा, शेणखत जे मिळेल ते. एका एकराच्या वरच्या सहा इंच थरात सुमारे ९०० टन माती असते, म्हणजे कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायला ९०० किलो कर्ब मातीत टिकावा लागतो, आणि आपण घातलेल्यातला बराचसा जिवाणू श्वासावाटे उडवून देतात. त्यामुळे दोन उन्हाळ्यांत आकडा हलला नाही म्हणून पाचट पुन्हा पेटवायला घेऊ नये. पाण्याचा निचरा मात्र पुढच्या लागणीच्या आधीच काढून घ्यावा. पाणथळ रानात ना युरिया लागू पडतो, ना शेणखत.