तसबिरीच्या आधीची डबी

जुन्या छायाचित्रासाठी काचेची पेटी करून घ्यायची म्हटली की पुण्यात आपण सवयीने फ्रेमवाल्याकडे जातो, आणि तोही सवयीने लाकडी पट्ट्यांचे नमुने पुढे मांडतो. वास्तविक पट्टी कोणती हा अगदी शेवटचा प्रश्न आहे. छायाचित्र आणि त्याचे आवरण या मुळात दोन वस्तू नव्हत्याच. त्या वेगळ्या कशा झाल्या हे पाहिले, तर पेटीत नेमके काय हवे ते आपोआप उलगडते.

१९ ऑगस्ट १८३९ रोजी लुई दागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्याला आरशासारखी झिलई, मग आयोडीनची आणि नंतर पाऱ्याची वाफ, अशा क्रमाने उमटणारी ही प्रतिमा इतकी नाजूक असे, की त्यावर नुसते बोट फिरले तरी ती पुसली जाई. शिवाय घरातली चांदीची भांडी हवेने काळवंडतात तशीच तीही काळवंडे. त्यामुळे आवरणावाचून हे चित्र गिऱ्हाइकाच्या हाती देणे शक्यच नव्हते. पत्र्यावर मधोमध खिडकी कापलेली पितळेची चौकट ठेवीत, तिच्यावर काच बसवीत आणि तिन्हींच्या कडा कागदाच्या पट्टीने एकत्र बंद करीत. चौकटीच्या जाडीमुळे काच चित्रापासून किंचित वर राही आणि पट्टीमुळे हवा आत शिरत नसे. हे पुडके मग कातडे मढवलेल्या, बिजागरीच्या लाकडी डबीत बसवले जाई आणि समोरच्या झाकणात मखमलीची गादी असे. डबीची कल्पना हस्तिदंतावर रंगवलेल्या छोट्या व्यक्तिचित्रांच्या डब्यांवरून आलेली होती, पण रक्षणाचे खरे काम आतले पुडके करी.

१८५० नंतरच्या दशकात अमेरिकेत या डब्या साच्यातून काढल्या जाऊ लागल्या. सॅम्युअल पेकने १८५४ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. लाख आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण तापवून साच्यात दाबायचे, अशी ती रीत होती. या डब्यांना आजही कोणी गटापर्चाच्या, म्हणजे रबरासारख्या एका झाडाच्या चिकाच्या, म्हणते, ते चूक आहे. लाख त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जात असे. तेव्हा या परदेशी डबीत आपल्याकडच्या झाडांवरचे काहीतरी असण्याचा संभव बराच आहे.

डबीची गरज संपवली ती कागदाने. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला छपाईचा कागद १८५० मध्ये आला, १८५४ मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने व्हिजिटिंग कार्डाएवढ्या छायाचित्रांचे पेटंट घेतले, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे आल्बममध्ये जाऊन बसली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ मध्येच. म्हणजे आपल्या भागात छायाचित्रण रुजू लागले तेव्हा डबीचे युग मावळतीला लागले होते, आणि मराठी घरात पोहोचलेले छायाचित्र बहुतेक कागदावरचेच होते.

कागदाला भिंत हवी होती, आणि भिंतीवर आधीच तसबीर होती. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा चित्रांचा छापखाना सुरू झाला, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि देवादिकांची छापील चित्रे काच लावून घरोघर टांगली गेली. आजोबांचे छायाचित्रही त्याच मापात, त्याच कारागिराकडून मढवून आले. खिळ्याला सुतळी बांधून ते पुढे झुकते टांगायचे, काचेला कुंकवाचे बोट लावायचे, पुढे केव्हातरी चंदनाचा हार घालायचा. ही सारी तजवीज दर्शनाची होती. स्वस्त छापील चित्राला ती पुरेशी होती, कारण ते खराब झाले तर दुसरे आणता येई. छायाचित्राला मात्र ती पुरी पडली नाही.

माझ्या आजोळची अशी एक तसबीर मी उघडली तेव्हा हे समोरच दिसले. पाठीला फळी, तिला गंजलेल्या चुका, मध्ये पिवळे पडलेले वर्तमानपत्र. फळीतल्या गाठीचा तपकिरी डाग कागदापर्यंत उतरला होता, कारण लाकडातले आम्ल असेच झिरपत येते. खळीने चिकटवलेली कड कसरीने खाल्ली होती. आणि पणजीच्या पदराचा एक तुकडा काचेलाच चिकटलेला होता: पुढच्या काळातल्या छायाचित्रांच्या कागदावर अंड्याऐवजी असणारा जिलेटिनचा थर पावसाळी दमटपणाने फुगतो, मऊ होतो आणि टेकलेल्या काचेला धरून बसतो. तो सोडवायचा प्रयत्न मी केला नाही. असे चिकटलेले चित्र ओढून काढू नये, काचेसकट जाणकाराकडे न्यावे.

आज पेटी करताना आपण करतो ते १८३९ च्या पुडक्याचेच काम आहे. पितळेच्या चौकटीच्या जागी आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी येते, जिच्यामुळे काच दोन-तीन मिलिमीटर दूर राहते. छायाचित्राला डिंक न लावता ते कागदी कोपऱ्यांत अडकवतात. पाठीलाही तसाच पुठ्ठा घालून चारी कडा चिकटपट्टीने बंद करतात, आणि मग हे पुडके हव्या त्या लाकडात बसवतात. काच अतिनील किरण अडवणारी घेतली तरी समोरच्या खिडकीचे ऊन टाळावेच लागते. एका गोष्टीकडे पुण्यात विशेष लक्ष द्यावे: पुठ्ठा हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे आषाढात कडा बंद केल्या तर पावसाळाच आत कोंडला जातो. आमचे दुसरे, न चिकटलेले छायाचित्र म्हणूनच वर्षभर तसेच कपाटात राहिले आणि चैत्रात, कोरड्या हवेत, त्याच्या कडा बंद केल्या.