पूल कुठे मोडेल, ते आधी लिहा

पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग डिझाइनच्या तासाला मी प्रत्येक गटाला आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि फेव्हिकॉलची बाटली देतो. दोन टेबलांमध्ये अर्ध्या मीटरची फट ठेवायची आणि तीवर पूल बांधायचा. पंधरा दिवसांनी पुलाच्या मधोमध बादली टांगून तिच्यात वाळू ओतत जायची. पण वाळू पडायच्या आधी गटाने एक गोष्ट लिहून द्यायची: आपला पूल कुठे मोडेल? किती वजन पेलेल, यापेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटतो.

बरेच जण लिहितात, "खालची काडी मधोमध तुटेल." तसं क्वचितच होतं. खालच्या काड्यांवर ताण असतो आणि ताणाला लाकूड चिवट. एक काडी दोन्ही हातांनी ओढून बघा, तुटणार नाही. आता तीच टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा. ती लगेच बाजूला वाकते. पुलाच्या वरच्या काड्यांवर असाच दाब येतो. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात याचं गणित मांडलं: काडीची लांबी निम्मी केली, तर वाकण्यापूर्वी ती चौपट भार घेते. म्हणून वरच्या काड्यांना मध्येच आडवा आधार दिला की पूल एकदम दमदार होतो. दोन काड्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर वाकायला दुप्पट विरोध करतात. नीट चिकटवल्या तर आठपट! चिमटे लावून रात्रभर वाळवलेला फेव्हिकॉल इथे कामाला येतो.

आणि काड्या टिकल्या, तर जोड निखळतो. चित्रात जोड म्हणजे नुसता एक ठिपका असतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

इथे मी मुलांना अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची गोष्ट सांगतो. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे दोन पादचारी पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती. बनवायला सोपं म्हणून तिच्या दोन सळया केल्या: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. दोरीच्या मल्लखांबावर दोघे एकाखाली एक लटकले आहेत असं समजा. दोघांनी दोरी धरली आहे, तोवर प्रत्येकाच्या हातावर आपापलंच वजन. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा भार तेवढाच राहतो, पण वरच्याच्या हातांवर दुप्पट येतो. वरच्या पुलाच्या जोडाचं हेच झालं. मूळ जोडही नियमापेक्षा कमकुवत होता आणि बदलानंतर गणित कुणी पुन्हा केलं नाही. 17 जुलै 1981 ला दोन्ही पूल कोसळले. 114 माणसं गेली.

हे सांगताना वर्ग शांत होतो, आणि माझाही आवाज दरवेळी थोडा खाली येतो.

यंदाच्या दुसऱ्या फेरीत एका गटाच्या काड्या कमी पडल्या. त्यांनी एक तिरपी काडी काढून जोड दोन बोटं सरकवला. मी विचारायला गेलो, तर वहीत जुना आकडा खोडलेला होता आणि शेजारी पेन्सिलीने त्या जोडावरचा नवा भार मांडलेला होता.