पुनर्समर्पण उपासना

ख्रिस्ती मंडळीने एकत्र जमून येशूच्या शिष्यत्वाचे वचन नव्याने देण्यासाठी योजलेली उपासना. बाप्तिस्मा एकदाच होतो. त्या वेळी घेतलेले वचन मात्र आयुष्यभर निभवायचे असते, आणि ते मंडळीसमक्ष पुन्हा उच्चारणे एवढेच या उपासनेचे काम. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती बहुधा ३१ डिसेंबरच्या रात्री, नव्या वर्षाच्या आरंभी किंवा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ठेवतात.

शास्त्रात तिचा आधार जुना आहे. शखेम येथे यहोशवाने इस्राएल लोकांना कोणाची सेवा करणार ते आजच ठरवा म्हटले, आणि लोक लगेच हो म्हणाल्यावर हे तुम्हाला झेपणार नाही असेही बजावले (यहोशवा २४). आज जी रीत प्रचलित आहे ती मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमधील स्पिटलफिल्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये त्याने प्यूरिटन लेखक रिचर्ड अ‍ॅलीन याच्या शब्दांतला करार, म्हणजे देवाला द्यायच्या वचनाचा मजकूर, वाचून दाखवला आणि सुमारे १,८०० माणसे संमतीदाखल उभी राहिली. हा आकडा सगळे सांगतात. त्याआधीचे काही दिवस वेस्ली रोज सकाळी या कराराचा अर्थ समजावून देत होता आणि शुक्रवारी अनेकांनी उपास केला होता, हे सहसा सांगितले जात नाही. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन परंपरेबरोबर ब्रिटिश मेथडिस्ट परंपराही त्यात आली.

नाशिकमध्ये शिष्यत्वाच्या प्रश्नाला स्थानिक इतिहास आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १९व्या शतकाच्या मध्यात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे शिकली. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जवळच्या जलालपूरचे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर २२ वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा शिष्यसमूह मांडला. पुनर्समर्पणाचे याहून ठळक मराठी उदाहरण शोधावे लागेल. अशा उपासनेत टिळकांची भजने टाळ-पेटीवर म्हटली तर ती शोभेसाठी ठरत नाहीत.

आखणीत पहिला प्रश्न वेळेचा. जानेवारी ते मार्च हा जिल्ह्यात द्राक्षतोडणीचा हंगाम. निफाड-दिंडोरीकडच्या कुटुंबांना तेव्हा सवड नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना संध्याकाळची उपासना कधी जमते, कधी नाही. अशा ठिकाणी एकच मोठी सभा भरवण्यापेक्षा दोन छोट्या ठेवणे बरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: कराराचा मजकूर आधीच्या रविवारी घरी न्यायला द्यावा. मेथडिस्ट करारप्रार्थनेत काम दे किंवा बाजूला ठेव, भरलेले असू दे किंवा रिकामे, अशी विनवणी आहे. नोकरी नुकतीच गेलेल्या माणसाने हे शब्द पहिल्यांदा भर सभेत वाचावेत, ही अपेक्षा निर्दय आहे. लूक १४ मध्ये बुरूज बांधणाऱ्याला येशू आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगतो. त्या वाचनाला साजेशी ही रीत. संजीवन सभांतून ‘पुढे या’ असे आवाहन होते, त्याचा परिणाम तत्काळ दिसतो, पण शेजारचा उठला म्हणून उठणारेही त्यात असतात. म्हणून बसून राहण्याची मोकळीक पाळकांनी स्पष्ट शब्दांत द्यावी.

क्रम साधा असतो: स्तुतिगीत, वाचने, छोटा उपदेश, पापांगीकार, शांतता, करार, मग प्रभुभोजन. वाचनांत योहान २१ घेणे उचित, कारण ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ हा पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न येशूला नाकारून चुकलेल्या शिष्याला विचारलेला आहे. खरी अडचण शांततेची. गायनमंडळाला ती रिकामी जागा वाटते आणि पेटी हळूच सुरू होते; वादकांना आधी सांगून ठेवावे लागते. पाहुणा वक्ता शक्यतो टाळावा, कारण वचन मंडळीने एकमेकांसमोर द्यायचे असते आणि वर्षभर त्याची आठवण करून देणारा पाळक इथलाच असतो. अंथरुणाला खिळलेल्यांकडे त्याच आठवड्यात प्रभुभोजन नेताना कराराचा कागदही न्यावा.