सर्प (इंग्रजी भाषा व साहित्य)

इंग्रजीत सापासाठी दोन शब्द जोडीने चालतात. रोजच्या बोलण्यातला 'स्नेक' जुन्या इंग्रजीतल्या 'स्नाका'वरून आला; 'सर्पंट' फ्रेंचमार्गे लॅटिनमधून. लॅटिन 'सेर्पेरे' म्हणजे सरपटणे. संस्कृत 'सर्प' त्याच मुळाचा, त्यामुळे आपले 'सरपटणे' आणि त्यांचा 'सर्पंट' ही दूरची भावंडे ठरतात. गवतात दिसतो तो स्नेक, धर्मग्रंथात बोलतो तो सर्पंट, असा साधारण भेद आहे. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये हव्वेला फळ खायला लावणारा सर्पंटच आहे.

याहून जुना शब्द 'वर्म'. आज त्याचा अर्थ किडा किंवा गांडूळ. पण 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात खजिन्यावर बसलेला अजस्र नागासुरही 'वुर्म'च. 'अ‍ॅडर' या विषारी सापाच्या नावाची गंमत वेगळी. मूळ शब्द 'नॅडर'. 'अ नॅडर' म्हणता म्हणता 'न' मागच्या उपपदाला चिकटला आणि 'अ‍ॅन अ‍ॅडर' उरले. 'कोब्रा' हा पोर्तुगिजांचा शब्द, 'टोपीवाला साप' अशा अर्थाच्या त्यांच्या नावाचा तुकडा.

खुद्द ब्रिटनमध्ये सापाच्या मूळच्या जाती इनमिन तीन, त्यांत विषारी एकटा अ‍ॅडर. आयर्लंडमध्ये तर साप नाहीतच. संत पॅट्रिकने ते हाकलले, अशी दंतकथा आहे. प्रतिमांचा साठा म्हणूनच घरचा कमी, ग्रंथांतून आलेला जास्त. 'गवतातला साप' म्हणजे छुपा शत्रू, हा वाक्प्रचार रोमन कवी व्हर्जिलच्या ओळीवरून आला. थंडीने गारठलेल्या सापाला ऊब देणाऱ्या शेतकऱ्याची इसापाची गोष्ट 'छातीशी जपलेला व्हायपर' (विषारी साप) या प्रयोगात उरली आहे. मराठीत तिथे अस्तनीतला निखारा येतो. 'स्नेक ऑइल', म्हणजे भोंदू औषध, हे मात्र अमेरिकेचे देणे. क्लार्क स्टॅनली नावाचा विक्रेता रॅटलस्नेकचे तेल म्हणून जे विकत होता त्यात सापाचा अंश सापडला नाही, निघाले ते बहुतांश खनिज तेल. दंड झाला २० डॉलर.

शेक्सपिअरच्या नाटकांत साप जागोजागी आहे. 'हॅम्लेट'मध्ये राजा बागेत निजला असता सर्पदंशाने मेला, असे लोकांना सांगितले जाते. भूत येऊन सांगते की तो साप आता मुकुट घालून बसला आहे. बाग, झोप, साप एवढ्या तीन गोष्टींवर प्रेक्षकाला एदनची बाग आठवते. कृतघ्न अपत्य सापाच्या दातापेक्षा तीक्ष्ण, हे लिअरचे उद्गार. सर्पदंशाने मरण पत्करणाऱ्या क्लिओपात्रा राणीच्या शेवटी मात्र सूर पालटतो. एक खेडवळ विदूषक अंजिरांच्या टोपलीत साप घेऊन येतो, त्याला 'वर्म' म्हणतो, आणि त्या वर्मचा तुम्हाला आनंद लाभो अशी शुभेच्छा देऊन जातो. मरणाच्या दारातला हा विनोद अंगावर येतो.

एदनच्या सापाला मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) जे रूप दिले, ते पुढच्या कवींना टाळता आले नाही. त्याचा साप अजून शापित नाही, म्हणून जमिनीला घासत नाही. वेटोळ्यांचा मनोरा करून ताठ चालतो. नवव्या सर्गात तो हव्वेकडे वळणे घेत निघतो, तिथे लागोपाठच्या पाच ओळींच्या आद्याक्षरांतून 'सेटन' (सैतान) हे नाव उभे राहते. दहाव्या सर्गात सैतान नरकात परततो, पराक्रम सांगतो आणि टाळ्यांची वाट पाहत थांबतो. ऐकू येतात ते फूत्कार. सगळा दरबार सर्प झालेला असतो, त्याचेही हात फासळ्यांना चिकटत जातात. इंग्रजीत सापाचा फूत्कार आणि पडलेल्या नटाची हुर्यो यांना 'हिस' हा एकच शब्द आहे. मिल्टनने तो पुरेपूर वापरला.

कोलरिजच्या कवितेतल्या दर्यावर्दीने विनाकारण मारलेला आणि त्याच्याच गळ्यात अडकवलेला पक्षी, पाणसापांचे सौंदर्य पाहून त्याने त्यांना नकळत आशीर्वाद दिल्यावर गळून पडतो (१७९८). कीट्सची लेमिया (१८२०) ही सर्परूपातून स्त्री झालेली. तिला उघडे पाडणाऱ्या तत्त्वज्ञापेक्षा वाचकाला तिचीच कणव येते. एमिली डिकिन्सनची कविता १८६६ मध्ये छापून आली. तिच्या ओळींत 'स्नेक' हा शब्द कुठेच नाही, फक्त 'गवतातला एक अरुंद गडी'. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडं' म्हणणाऱ्या खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

साम्राज्याच्या काळात साप भारतातून येऊ लागला. कॉनन डॉइलच्या १८९२ च्या होम्सकथेत कलकत्त्यात डॉक्टरकी केलेला खलनायक एक विषारी साप दुधाची बशी आणि शीळ यांवर वठणीवर आणतो. तसा साप अस्तित्वात नाही, साप दूध पिण्यासाठी येत नाहीत आणि शीळही त्यांना आपल्यासारखी ऐकू येत नाही. कथा तरीही लोकप्रिय. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये (१८९४) नाग हे आपले नावच इंग्रजी बालसाहित्यात गेले.

डी. एच. लॉरेन्सची 'स्नेक' ही कविता १९२३ च्या संग्रहात आहे. सिसिलीतल्या कडक उन्हात एक साप पाण्याच्या हौदावर येतो आणि कवी घागर घेऊन आपली पाळी येईपर्यंत थांबतो. शिकवलेले सगळे सांगत असते, मार. साप बिळात शिरू लागतो तेव्हा कवी एक ओंडका फेकून मारतो आणि लगेच ओशाळतो. त्याला कोलरिजचा तो पक्षी आठवतो.