डिझेल गाडी दुसऱ्या इंधनावर चालवणं

डिझेलची गाडी, ट्रॅक्टर किंवा जनरेटर वनस्पती तेलावर, बायोडिझेलवर नाहीतर गॅसवर चालेल असं करून घेणं. एकतर इंधन इंजिनाला मानवेल असं बनवायचं, नाहीतर इंजिनच उघडून बदलायचं.

सोलापुरात विषय निघाला की पहिला प्रश्न इथेनॉलचा, कारण जिल्हाभर साखर कारखाने आहेत, मग ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तेच का नाही घालत? तर डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, हवा 16 ते 20 पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, आणि इथेनॉल असं नुसत्या दाबानं सहज पेट घेत नाही. शिवाय ते डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही, थोडं पाणी लागलं की वेगळं होतं, पंपाला वंगणही देत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्ये जातं.

वनस्पती तेल मात्र चालतं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवलं होतं, शेंगा चटणीच्या गावात हे सांगताना मला खरंच भारी वाटतं. पण म्हणून आजच्या कॉमन रेल गाडीत (एका सामायिक नळीतून फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या) तेलाचा डबा ओतू नका! प्रक्रिया न केलेलं वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट, फवारा नीट होत नाही, नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलचा चिखल होतो. जुन्या इंजिनांना दोन टाक्या बसवतात, डिझेलवर चालू करायचं, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) उष्णतेनं तेल 70-80 डिग्रीला आलं की तेलावर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर.

त्यापेक्षा बायोडिझेल बरं. करंज, करडई किंवा भज्याच्या कढईतलं वापरलेलं तेल घ्यायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याबरोबर प्रक्रिया केली की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ इंधन राहतं, त्याचं मानक आयएस 15607. 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं तर बहुतेक इंजिनांत काही बदलावं लागत नाही. निव्वळ वापरलं तर जुने रबरी पाइप फुगतात आणि टाकीतली वर्षांची घाण सुटून फिल्टर चोक होतो, म्हणून फिल्टर आधीच जवळ ठेवावा. पामतेलाचं असेल तर थंडीत पहाटे गोठायला लागतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात ती चिंताच नाही. बायोडिझेल म्हणून भलतंच स्वस्त तेल विकणारे असतात, त्यांच्या नादाला लागून पंप घालवू नये.

सीएनजीचं काम मोठं. डिझेल इंजिनात दाब 10-12 पटीवर आणावा लागतो, स्पार्क प्लग बसवावा लागतो, 200 बार दाबाच्या गॅस सिलिंडरची जागा करावी लागते. दुसरा प्रकार ड्युअल फ्युएल, त्यात थोडं डिझेल पेटवायला राहतं आणि बाकी गॅस. किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत जाऊन आरसीवर इंधन बदलून घ्यायचं, सिलिंडरची दर 3 वर्षांनी टेस्ट. हे न करता पळवलेली गाडी अपघातात सापडली तर विमा अडकू शकतो.

2018 पासून सरकारची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना आहे, तिच्यात शेण, कचरा आणि साखर कारखान्यातल्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळताना उरणारा गाळ) बायोगॅस बनवतात, तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्याच गाडीत भरता येतो. इथेनॉल ज्या ट्रॅक्टरला चालत नाही, त्याचं इंजिन गॅसचं केलं तर उसाच्याच गाळाचा गॅस त्याला चालतो.