चुंबक चिकटलं नाही, म्हणजे हेडर चांगला?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पोर्ट्स कारसाठी बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून निघणारा धूर एकत्र करणारा पाइपांचा संच) बघायला गेलात, की कुणाच्या तरी खिशातून चुंबक निघतंच. चिकटलं नाही, म्हणजे ‘अस्सल स्टेनलेस, आयुष्यभर बघायला नको’. साफ चूक. स्वस्तातलं २०१ ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही. उलट गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टला सर्रास वापरतात त्या ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसला ते चटकन चिकटतं!

खरं दुखणं जोडात असतं. ३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या स्टीलच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं. पाइप पातळ, फ्लँज (पाइपच्या टोकाची, बोल्टने आवळायची सपाट प्लेट) जाड. तापण्या-निवण्याचा सगळा ताण वेल्डिंगवर, आणि तिथेच केसाएवढी चीर पडते. वेल्डिंग करताना आतली हवा हटवायला पाइपच्या आतून आरगॉन वायू सोडला नसेल तर आतली बाजू जळून खरखरीत होते. बाहेरून मात्र झकास चकाकी. (मीही त्या चकाकीलाच भुललो होतो.) मुंबईच्या खाऱ्या हवेत पडणारे तांबूस डाग त्यामानाने किरकोळ.

तेव्हा चुंबक राहू द्या, टॉर्च न्या. पाइपच्या तोंडातून आतला जोड बघा. मग फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरा. खालून उजेड दिसला, तर तिथून गॅस गळणार.