बुडबुडा की उघडणारी नळी?

वैद्यकाची भाषा जगभर लॅटिन-ग्रीकच, तेव्हा रशियन डॉक्टरांचा रिपोर्ट इंग्रजीत आणायचा म्हणजे नुसती लिपी बदलायची, असा समज सर्रास आढळतो. श्वासाच्या तक्रारींपाशी तो पार कोलमडतो. रशियात एमबीबीएस करणाऱ्या आपल्या मुलांची गाठ याच्याशी पडतेच, कारण वर्गात इंग्रजी चाललं तरी वॉर्डातला रुग्ण आणि त्याचा केसपेपर रशियनच असतो.

त्या केसपेपरवर हमखास दिसणारा शब्द म्हणजे ‘ख्रीपी’. श्वासनळ्यांमध्ये उमटणारे जवळजवळ सगळे जादा आवाज त्यात येतात. ‘ख्रीपव न्येत’ (ख्रीपी नाहीत) याचं भाषांतर ‘व्हीझिंग नाही’ असं केलं, की शिट्टीसारखा आवाज नाही एवढंच कळतं. बुडबुड्यांसारखे ओले आवाज होते की नव्हते, ते गळून जातं.

याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. 1816 मध्ये स्टेथोस्कोप बनवणाऱ्या फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेकनं 1819 च्या ग्रंथात अशा सगळ्या आवाजांना ‘राल’ हा एकच शब्द वापरला. साध्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मरणाऱ्याच्या घशातली घरघर. म्हणून रुग्णासमोर बोलताना ‘रॉन्कस’ हा लॅटिन शब्द त्यानं जवळ केला. 1821 मध्ये जॉन फोर्ब्जचं इंग्रजी भाषांतर आलं आणि पुढे इंग्रजी डॉक्टरांनी या एकाच अर्थाच्या दोन शब्दांना दोन वेगळे अर्थ चिकटवले. रशियननं मात्र ‘ख्रीपी’ हा व्यापक शब्द राखला आणि फरक विशेषणांवर सोपवला: कोरडे आणि ओले. ओल्यांमध्ये पुन्हा बारीक, मध्यम आणि मोठ्या बुडबुड्यांचे.

खरी मेख या बुडबुड्यात आहे. रशियन विशेषण आवाजाबरोबर त्याचं कारणही सांगून टाकतं: नळीत द्रव आहे आणि हवा त्यातून बुडबुडत जाते. मोठ्या नळ्यांत कफ साचला असेल तर हे पटण्यासारखं आहे. रुग्ण खोकला की आवाज बदलतो, कधी नाहीसाच होतो. पण फुप्फुसाच्या तळाशी, श्वास घेताना शेवटी शेवटी येणारी बारीक तडतड खोकल्यानं हलत नाही. कानाजवळ केसांची बट धरून दोन बोटांत चोळून पाहा, जवळपास तोच आवाज येतो.

छातीच्या आजारांचे डॉक्टर पॉल फोर्गाक्स यांनी 1967 मध्ये या तडतडीचा वेगळा उलगडा मांडला. श्वास सोडताना तळाच्या काही बारीक नळ्या मिटतात. पुढचा श्वास घेताना फुप्फुस ताणलं जातं, मिटलेल्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे हवेच्या दाबात फरक पडतो आणि एका ठराविक ताणाला नळी फट्कन उघडते. दाब क्षणात सारखा होतो, नळीची भिंत थरथरते आणि एक तडका ऐकू येतो. तो साधारण 5 मिलिसेकंदांचा असतो, कंपनसंख्या 650 हर्ट्झच्या आसपास. जाड तडका साधारण 15 मिलिसेकंदांचा, 350 हर्ट्झच्या घरातला. याचा पुरावा मला फार आवडतो. एकामागून एक श्वासांत हे तडके त्याच क्रमानं, फुप्फुस तेवढंच फुगलेलं असताना पुन्हा येतात. कफातले बुडबुडे असं वेळापत्रक पाळणार नाहीत.

म्हणूनच छातीत आवाज म्हणजे कफच, असं धरून काढे आणि वाफारे चालू ठेवण्यात अर्थ नाही. फुप्फुस चिवट होत जाण्याच्या आजारात, म्हणजे फायब्रोसिसमध्ये, तडतड भरपूर असते आणि उपसून काढण्यासारखं काहीच नसतं.

या बारीक तडतडीला रशियनमध्ये निराळा शब्द आहे, ‘क्रेपितात्सिया’, आणि तिथले डॉक्टर तो ‘ख्रीपी’मध्ये मोजत नाहीत. इंग्रजीत मात्र बारीक बुडबुड्यांचे ओले ख्रीपी आणि क्रेपितात्सिया, दोन्ही ‘फाइन क्रॅकल्स’मध्ये जाऊन बसतात. ‘ओले’ शब्दशः ठेवावं, तर वाचणाऱ्या डॉक्टरला वाटणार फुप्फुसात पाणी आहे. गाळावं, तर रशियन डॉक्टरनं केलेला भेद पुसला जातो. माझ्या मते ‘फाइन क्रॅकल्स’ लिहून मूळ वर्णन शेजारी द्यावं. शब्द वाढले तरी चालतील.

‘अदिश्का’ (दम लागणं) या शब्दाचं दुखणं वेगळं. इंग्रजीतला ‘डिस्पनिया’ म्हणजे रुग्णाला स्वतःला जाणवणारा त्रास. अदिश्कात तो येतोच, शिवाय बाहेरून दिसणारी धापही येते. ‘अदिश्का मिनिटाला 28 पर्यंत’ असं केसपेपरवर लिहिलेलं असतं. जाणिवेला आकडा कसा असेल? इथे डॉक्टर श्वास मोजतो आहे, तेव्हा इंग्रजीत श्वसनाचा वेग लिहायला हवा. ‘उदूश्ये’ म्हणजे श्वास कोंडण्याचा जोरदार झटका. दम्यात येतो, हृदयाच्या आजारातही येतो. कोशातला ‘चोकिंग’ उचलून ठेवला, तर तातडीच्या विभागातला डॉक्टर रुग्णाच्या घशात अडकलेला घास शोधायला लागेल.